४८ केबीतले वैभव

‘जे’ अक्षराच्या कळीपाशी आपण थोडे रेंगाळू. ही कळ आहे ‘झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस’ या १९८४ सालच्या घरगुती संगणकाची. बोटाच्या पेराखाली झाकून जाईल एवढ्या तिच्या पाठीवर ‘जे’ तर आहेच, पण ‘लोड’ हा अख्खा शब्द आहे, वजाबाकीची रेघ आहे, ‘व्हॅल’ आहे आणि डॉलरचे चिन्ह जोडलेले दुसरे ‘व्हॅल’ही आहे. प्रथमदर्शनी ही नुसती दाटी वाटते. पण यंत्र सुरू करून ती कळ दाबावी. पडद्याच्या तळाशी ‘के’ लुकलुकत असेल तर ‘जे’ न उमटता एका दमात ‘लोड’ उमटते, आणि त्यासरशी ‘के’ जाऊन तिथे ‘एल’ लुकलुकू लागतो. आता तीच कळ पुन्हा दाबली तर निमूटपणे अक्षर मिळते. वाक्याच्या आरंभी आज्ञा हवी आणि आज्ञेनंतर अक्षरे हवीत, हे व्याकरण यंत्राला ठाऊक असते. आपण बोट ठेवण्याआधीच त्याने आपले पुढचे पद ओळखलेले असते.

या सौजन्याचे मूळ काटकसरीत आहे, ही त्यातली खरी मौज. ‘लोड’ हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द यंत्राच्या स्मृतीत चार बाइट व्यापत नाही. त्याची एकच खूण, एकाच बाइटमध्ये, साठवली जाते. शब्द कळीवरच तयार असल्याने त्याचे स्पेलिंग चुकण्याची सोय उरत नाही, आणि चुकलेले शब्द ओळखून काढण्याचे कामही यंत्राला करावे लागत नाही. जागा वाचली, वेळ वाचला, आणि नवशिक्याची पहिली भीतीही गेली. एका अडचणीच्या पोटी तीन सुखे जन्माला आली. जुने संगणक जमवणाऱ्या माणसाच्या मनाला जी चटक लागते ती अशा जागांची.

हे यंत्र ज्याचे सुधारित रूप, तो मूळचा स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ केबी स्मृतीचा संगणक १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना मिळत असे. रिक डिकिन्सन यांनी त्याला दिलेले रूप आजही डोळ्यांत भरते: काळेभोर, सपाट अंग, रबराच्या ४० कळा आणि कोपऱ्यातून तिरपी निघालेली चार रंगांची पट्टी. ‘प्लस’मध्ये रबर गेले, प्लास्टिकच्या ५८ कळा आल्या, डाव्या बाजूला रीसेटचे बटण आले, पण ती रंगीत पट्टी कोपरा धरून राहिली. आपल्या देशात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन हेच यंत्र ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने १९८६ च्या सुमारास बाजारात आणले आणि १९९० च्या आसपासपर्यंत ते विकले जात होते. म्हणून भारतीय संग्राहकाच्या हाती जेव्हा हे नाव छापलेले यंत्र येते, तेव्हा त्याला परदेशी वस्तूच्या अप्रूपाबरोबर आपल्या घरातली वस्तू सापडल्याचाही आनंद होतो.

आता आपण त्याला साधा टेपरेकॉर्डर जोडू, आणि कॅसेटवरचा एखादा खेळ चढू देऊ. कर्कश शिटी सुरू होते. पडद्याच्या कडेने तांबड्या आणि आकाशी रंगाचे रुंद पट्टे सरकू लागतात. शिटी मोडून खरखर सुरू झाली की पट्टे बारीक होतात, निळे आणि पिवळे होतात: आता खरी माहिती आत येते आहे. मग मधल्या कोऱ्या जागेत चित्र उमटू लागते, आणि इथे आपण डोळे मिटता कामा नये. पडद्याचे आडवे तीन भाग मानलेले असतात. आधी वरचा तिसरा हिस्सा भरतो, तोही सलग नव्हे. मधल्या सात रेघा सोडून एक, पुन्हा सात सोडून एक, अशा विरळ रेघा पडतात आणि मागाहून त्यांच्या मधल्या जागा भरत जातात. मग मधला हिस्सा, मग खालचा. हे सारे दोन रंगांत. चित्र पुरे झाले असे वाटते तोच शेवटच्या काही क्षणांत वरून खाली रंग उतरत येतात आणि ती करडी आकृती जिवंत होते. अवघ्या ६९१२ बाइटांचे हे चित्र. त्यातले ६१४४ बाइट रेषांचे आणि ७६८ रंगांचे. सुमारे ४० सेकंद लागतात. आजचे चित्र पडद्यावर एकदम येऊन उभे राहते; इथे चित्र होताना दिसते, आणि घडणे डोळ्यांदेखत पाहण्याचा जो रस आहे तो घडून चुकलेल्या वस्तूत मिळत नाही.

त्या ७६८ बाइटांतच या यंत्राचा स्वभाव दडलेला आहे. पडदा ३२ रकाने आणि २४ ओळींत वाटलेला असतो आणि प्रत्येक चौकोनात रंग दोनच: एक शाईचा, एक कागदाचा. हिरव्या झुडपासमोरून पिवळा माणूस चालत गेला की क्षणभर झुडूपही पिवळे होते किंवा माणूस हिरवा होतो. काही जण याला दोष म्हणतील; रसिकाने मात्र या दोषाशी कलावंतांनी कसा संसार केला ते पाहावे. ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या संस्थेने १९८४ साली ‘नाइट लोअर’ हा खेळ काढला तेव्हा खेळाची अख्खी खोली एकाच रंगात रंगवली. रंगांची मिसळ टळलीच, शिवाय तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्या दगडी दालनांना अशी एक गूढ एकसुरी छटा लाभली की चार रंग जास्त असते तर ती विरून गेली असती. मर्यादा ओळखून तिच्यातूनच शैली काढणे हे कलेचे जुने शहाणपण आहे. इथे ते आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात अवतरले.

खेळांच्या कार्ट्रिज जमवणाऱ्यांना स्पेक्ट्रमच्या बाबतीत एक दुर्मीळ मेवा खुणावत असतो. १९८३ साली ‘इंटरफेस २’ नावाचे जोडयंत्र निघाले. त्यात कार्ट्रिज खोचली की टेपची वाट न पाहता खेळ तत्काळ सुरू होई. पण कार्ट्रिजमध्ये मावे १६ केबीच, किंमत टेपहून पुष्कळ अधिक, आणि एकूण खेळ निघाले अवघे दहा. ‘जेटपॅक’, ‘कुकी’, ‘हंग्री होरेस’ अशी ती नावे संग्राहकांना तोंडपाठ असतात. दहाच असल्यामुळे संच पुरा करण्याचे स्वप्न सामान्य माणसालाही पाहता येते. या छंदात अशी आटोपशीर स्वप्ने फार थोडी.

आपल्याकडे, वर्धा-हिंगणघाट-पुलगावच्या घरांत, कार्ट्रिज आली ती दुसऱ्या वाटेने, आणि तिला सगळे म्हणत ‘कॅसेट’. जपानच्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. नाव संगणकाचे, काम खेळाचे. पुढे तैवानमध्ये त्याच्या चिपांच्या नकला तयार झाल्या, आणि ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘विझ किड’ अशा नावांच्या डब्यांतून तो खेळ नव्वदच्या दशकात भारताच्या गावोगावी पोचला. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरमधल्या वाळ्याचा ओला गंध खोलीभर पसरतो, आणि त्या वर्षांत घराघरांतून या खेळांचाच सूर ऐकू येई. ज्या पिढीच्या उन्हाळ्याच्या सुट्या अशा गेल्या, तिच्या हाती ती पिवळी कॅसेट दिली की ती आधी वास घेते, मग उलटून पाहते.

आपणही उलटून पाहू. तळाच्या फटीतून हिरव्या पट्टीवरचे सोनेरी दात दिसतात. पुढे ३०, मागे ३०, असे ६०. कवच उघडले तर आतला भाग आणखी देखणा. जुन्या अस्सल जपानी कॅसेटमध्ये चौकोनी चिपा पाय रोवून बसलेल्या असतात. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटमध्ये बहुधा काळ्या राळेचा एक गोल थेंब असतो आणि सारा खेळ त्या थेंबाखाली झाकलेला असतो. बाहेरच्या कागदावर आकड्यांची आतषबाजी असते. ७६ खेळ म्हणावे, ९९९९९९९ खेळ म्हणावे; आत तेच मोजके खेळ निरनिराळ्या पायऱ्यांवरून, निरनिराळ्या ‘लाइफ’ घेऊन पुन्हा पुन्हा सुरू होतात. चित्रावरचा वीर आतल्या खेळात असेलच असे नाही. पण संग्राहकाची नजर या छापील चित्रावरून मागच्या बाजूला वळते. तिथे बॉलपेनने लिहिलेले नाव असते, कधी ‘कॉन्ट्रा’ असे देवनागरीत, कधी ‘वापस करणे’ अशी ताकीद, कधी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा क्रमांक. कारखान्यातून हजारोंनी निघालेली ती नक्कल या दोन शब्दांनी एकमेव झालेली असते. म्हणून असे अक्षर स्पिरिटने पुसून कॅसेट ‘नवी’ करू नये.

आता ती लावू, आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढू. १३ सप्टेंबर १९८५ चा हा खेळ. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची निर्मिती, कोजी कोन्दो यांचे संगीत. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे ३२ प्रवास. आणि हे सारे ४० केबीत बसवलेले, ३२ केबी खेळाच्या आज्ञांचे आणि ८ केबी चित्रांचे. पहिल्याच टप्प्यात मारिओला जरा थांबवून ठेवू. वर पांढरे ढग तरंगत आहेत, खाली हिरवी झुडपे आहेत. ढगाची कड पाहा, मग झुडपाची पाहा. आकृती एकच आहे. फक्त रंग बदलला आहे. जे आकाशात पांढरे तेच जमिनीवर हिरवे. कित्येक वर्षे तो खेळ खेळलेल्या माणसाला हे दाखवले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते, कारण फसवले गेल्याची भावना त्यात नसते. कसबाला दाद दिल्याचे समाधान असते. आठ केबीच्या पेटीत सबंध सृष्टी भरायची तर ढग आणि झुडूप यांना एकच अंग वाटून घ्यावे लागते, आणि आपल्या डोळ्यांनीही तो करार आनंदाने मान्य केलेला असतो.

आणि आता कान द्या. त्या यंत्राला सूर थोडेच: दोन आवाज चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या सळसळीचा, आणि ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी आणखी एक. दोन चौकोनी आवाज चाल गातात, त्रिकोणी आवाज खालून खर्ज धरतो, सळसळ ठेका देते. पण आपल्या कानांतल्या मारिओची एक खासियत आहे. जपानमधला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवी; आपल्या दूरदर्शनची ‘पाल’ पद्धत ५० वेळा. खेळ आपली लय या ठोक्यांवरून मोजतो. त्यामुळे ‘पाल’साठी बांधलेल्या नकली यंत्रांत, सूर जवळपास तोच राहूनही, गत सुमारे एक-षष्ठांशाने मंदावे. जपानी मुलाने जी चाल द्रुत ऐकली ती आपण किंचित विलंबित ऐकली, आणि उडीही त्याच हिशेबाने जरा जास्त वेळ हवेत राहिली. आज मोबाइलवर मूळ वेगातला मारिओ ऐकला की तो घाईत असल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे. म्हणून जुने यंत्र आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ही जोडी मोडू नये. आपल्या बालपणाची लय त्या दोघांत मिळून आहे.

विकत घेण्याचाही एक रस आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, आणि त्याहून अधिक आपल्या गावच्या कबाड्याकडे, ही यंत्रे तुटक्या मिक्सरांच्या आणि रेडिओंच्या ढिगात पडलेली असतात. “पाहून घ्या भाऊ, चालू हाय का बंद, मले नाही मालूम,” असे म्हणून माणूस वस्तू पुढे करतो, आणि तिथे पारख सुरू होते. वजन हातात घ्यावे, हलवून आत काही खुळखुळते का ऐकावे, स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे पाहावेत. म्हणजे आधी कोणी उघडले होते का ते कळते. पांढरे प्लास्टिक पिवळे पडलेले दिसले तर घाबरू नये. उन्हाने आणि आग न लागावी म्हणून प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्याने ते होते, आतल्या चिपांशी त्याचा संबंध नसतो. स्पेक्ट्रमच्या कळांखालची पातळ फिल्म मात्र वयाने ठिसूळ होते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात लवकर होते. काही कळा बोलत नसतील तर बहुधा रोग तिथेच असतो, आणि नव्या फिल्म आजही तयार होतात. लहानपणी आपण कॅसेटमध्ये फुंकर मारत असू. ओल्या श्वासाने दात गंजतात, तेव्हा आता तिथे खोडरबर किंवा कापसावर घेतलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. टेप वाचली जात नसेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू कणभर फिरवून आवाज सर्वांत धारदार कुठे होतो ते कानाने ठरवावे. या सगळ्या परीक्षा डोळे, कान आणि बोटे यांच्या आहेत, आणि त्या करताना वस्तूची ओळख होत जाते.

वर्ध्यात बसून हा छंद करताना मगनवाडी आठवल्यावाचून राहत नाही. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या तिथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केले. जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योगाच्या कार्याशी जोडलेल्या या वास्तूत चरखे आणि घरगुती उद्योगांची साधने जपली आहेत. तिथल्या चरख्यासमोर उभे राहिले की एक गोष्ट ध्यानी येते: चाकापासून चातीपर्यंत गती कशी जाते ते नुसत्या नजरेने वाचता येते, झाकलेले काहीच नाही. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा घरात चालेल असा आणि १५० रुपयांहून महाग नसलेला चरखा हवा, अशा अटी होत्या. किंमत आणि घर यांच्या मापात यंत्र बसवायचे, ही अट सिंक्लेअर यांनीही स्वतःला घातली होती. १९८० सालचा त्यांचा ‘झेडएक्स ८०’ शंभर पौंडांच्या आत विकला गेला. दोन्ही ध्येयांत अंतर केवढे, तरी या अटीतून जे उपजते ते सारखे असते: एका माणसाला आत-बाहेर समजेल एवढे यंत्र. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून बुद्धी घडवण्याचा विचार मांडला गेला, आणि पुढे तो नई तालीम म्हणून ओळखला गेला. स्पेक्ट्रमपुढे बसून दहा ओळींची आज्ञावली टंकणारे आणि पडद्यावर वर्तुळ उमटताच टाळी वाजवणारे मूल मला त्या विचाराच्या अंगणातलेच वाटते.

या साऱ्या तपशिलांतून एकच गोष्ट मनात ठरत गेली आहे. या जुन्या संगणकांचे सौंदर्य त्यांच्या वयात नाही, दुर्मीळपणात नाही, गतकाळाच्या हुरहुरीतही फारसे नाही. ते त्यांच्या आवाक्यात आहे. कळीवरचा शब्द एका बाइटात का मावतो, झुडूप ढगासारखे का दिसते, चाल मंद का झाली, या प्रत्येक ‘का’ला उत्तर आहे, आणि ते उत्तर एका जिज्ञासू माणसाच्या मनात पुरतेपणी मावते. आजच्या यंत्रांचे सामर्थ्य अफाट आहे, पण ती कोणा एकाला संपूर्ण कळत नाहीत. ज्यांना समजून घेऊन प्रेम करायचे आहे त्यांच्यासाठी ही ४८ केबीची, ४० केबीची छोटी विश्वे आहेत.

तेव्हा वाचकहो, आपल्या माळ्यावर, कोठीतल्या पेटीत, जुन्या कपाटाच्या तळाशी असे एखादे यंत्र किंवा कॅसेटींची पिशवी असेल तर ती भंगारात घालू नका. यंत्राला वीज देण्याआधी अडॅप्टरचे व्होल्टेज आणि टोकाची धन-ऋण बाजू तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचे आतले टोक ऋण असते, चुकीच्या अडॅप्टरने ते एका क्षणात जळू शकते. घरातल्या मोठ्यांना विचारून ते केव्हा, कुठून, कोणासाठी आणले हे एका कागदावर लिहा आणि तो कागद यंत्राबरोबर ठेवा. स्वतःला जमत नसेल तर जपणाऱ्याच्या हाती द्या. जुनी कॅसेट बाजारात पुन्हा मिळू शकते. ती आपल्या घरात कशी आली हे सांगणारा कागद फक्त आपल्यालाच लिहिता येतो.